गिअर बदलताना इंजिनची रेस उतरत नाही: पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारीचे निदान

पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना क्लच दाबला, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, तरी आरपीएमचा काटा खाली येण्याऐवजी क्षणभर तिथेच थबकतो किंवा उलट दोनतीनशेने वर चढतो. आणि तो उतरायच्या आत क्लच सोडला तर गाडी हिसका देऊन पुढे जाते. मॅन्युअल गिअरच्या पेट्रोल गाड्यांमध्ये ही तक्रार सर्रास ऐकू येते. गॅरेजच्या भाषेत तिला ‘रेस उतरत नाही’ किंवा ‘रेस अडकते’ असे म्हणतात, आणि तिच्यावर बहुतेक ठिकाणी सुचवला जाणारा उपाय म्हणजे क्लच प्लेट बदलणे. हा उपाय या तक्रारीला लागू पडूच शकत नाही.

माझी स्वतःची गाडी २०१६ सालची, पाच गिअरची पेट्रोल हॅचबॅक आहे. साठ हजार किलोमीटरच्या आसपास तिची रेस अडकू लागली. थ्रॉटल बॉडी (इंजिनमध्ये जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप जिच्यात असते तो भाग) साफ करून घेतली की गाडी सुरळीत चालत असे आणि तीनचार महिन्यांत तक्रार पुन्हा डोके वर काढत असे. असे तीन वेळा झाले. मधल्या काळात एका वर्कशॉपच्या सल्ल्यावरून पूर्ण क्लच सेटही बदलला. त्याने पेडल हलके झाले, पण काट्याच्या वागण्यात तसूभर फरक पडला नाही. शेवटी दोष निघाला तो काही शे रुपयांच्या एका व्हॉल्व्हचा. त्या शोधात जे समजले ते क्रमाने मांडतो आहे, कारण योग्य क्रमाने पाहिले असते तर पहिल्याच खेपेस उलगडा झाला असता.

काटा कधी चढतो, हा पहिला प्रश्न

क्लचचे पेडल पूर्ण दाबलेले असताना इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा संबंध तुटलेला असतो. त्या क्षणी इंजिन किती फेऱ्यांनी फिरावे हे फक्त त्यात जाणारी हवा, पेट्रोल आणि फ्लायव्हीलचे (इंजिनच्या टोकाला फिरणाऱ्या जड चाकाचे) वजन यांवर ठरते. क्लच प्लेट घासलेली असो वा नवीकोरी, पेडल खाली असताना तिचा इंजिनवर कोणताही ताबा नसतो. म्हणून पेडल दाबलेले असताना रेस वर राहत असेल तर शोध हवेच्या वाटेवर घ्यायचा, क्लचमध्ये नव्हे.

याउलट, गिअर पडला आहे, पाय क्लचवरून पूर्ण निघालेला आहे, अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर काटा झपकन वर जातो आणि गाडीचा वेग मात्र मागे रेंगाळतो, असे होत असेल तर क्लच घसरतो आहे. तिथे क्लच प्लेटचा संशय रास्त आहे. दोन्ही प्रकारांत चालकाला दिसते ते एकच, ‘गिअर बदलताना रेस वाढते’, आणि दोन्ही तक्रारी त्याच शब्दांत सांगितल्या जातात. गोंधळाचे मूळ इथेच आहे.

रेस किती उतरायला हवी, याचाही अंदाज असावा. आपल्याकडच्या अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत पहिल्या गिअरचे गुणोत्तर साधारण ३.५, दुसऱ्याचे १.९, तिसऱ्याचे १.३ आणि चौथ्याचे १ च्या किंचित खाली असते. पहिल्यात ३००० आरपीएमवर असताना दुसरा गिअर टाकला, तर त्याच वेगाला इंजिन सुमारे १६०० वर यावे लागते. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना ३००० वरून सुमारे २०५० वर, आणि तिसऱ्यातून चौथ्यात जाताना सुमारे २२०० वर. म्हणजे पहिल्यातून दुसऱ्यात जाताना काट्याला जवळजवळ निम्म्यावर यायचे असते, आणि शहरातल्या वाहतुकीत आपण तोच बदल सर्वांत घाईने करतो. अडकलेली रेस सर्वांत आधी तिथेच जाणवते. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये तक्रार ‘नाहीशी’ होते याचा अर्थ दोष गेला असा नसून, उतरायचे अंतरच कमी असते.

थोडी रेस अडकणे हा दोष नसतो

नवीन गाडी घेतलेल्या अनेकांना हे पटत नाही, पण काही प्रमाणात रेस रेंगाळणे हे मुद्दाम केलेले असते. जुन्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरची केबल थेट थ्रॉटलची झडप ओढत असे. पाय निघाला की स्प्रिंग ती झडप मिटवत असे. आजच्या गाडीत पेडलखाली फक्त सेन्सर असतो आणि झडप किती उघडावी, किती वेगाने मिटावी हे ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, ठरवतो. झडप एकदम मिटली तर तिच्या पुढच्या भागात निर्वात वाढतो, इनटेकच्या भिंतींवर चिकटलेले पेट्रोल भसकन वाफ होऊन आत ओढले जाते आणि त्याला पुरेल इतकी हवा मिळत नाही. परिणामी अर्धवट जळलेले पेट्रोल धुरात येते. त्यामुळे ईसीयू झडप सावकाश मिटू देतो. कार्ब्युरेटरच्या काळातही याच कारणासाठी काही गाड्यांना झडप हळू मिटवणारा डॅशपॉट बसवलेला असे, तेव्हा ही कल्पना नवी नाही.

दुसरे कारण धुरातली प्रदूषके निवळणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे आहे. वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल या प्रमाणाच्या अगदी जवळ मिश्रण असेल तरच तो तिन्ही प्रदूषके (कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे) नीट निवळतो. पाय काढल्याबरोबर पेट्रोल पूर्ण तोडले तर नुसती हवा कन्व्हर्टरमध्ये शिरते, त्यात प्राणवायू साठतो, आणि पुढच्या क्षणी पुन्हा वेग घेताना नायट्रोजनची ऑक्साइडे निवळण्याचे त्याचे काम काही काळ मंदावते. गिअर बदलण्याच्या अर्ध्या-पाऊण सेकंदासाठी पेट्रोल तोडण्यापेक्षा रेस थोडी तरंगू देणे उत्पादकाला सोयीचे ठरते. देशभर बीएस-४ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले १ एप्रिल २०१७ ला आणि बीएस-६ आले १ एप्रिल २०२० ला. मर्यादा जसजशा आवळल्या गेल्या तसतशी ही रेंगाळण्याची सवय गाड्यांमध्ये अधिक दिसू लागली. ज्या गाडीत फ्लायव्हील जड असते तिथे ते आणखी जाणवते.

म्हणून पहिली पायरी गॅरेजची नसून घरासमोरची आहे. इंजिन पूर्ण गरम होऊ द्यावे, एसी बंद ठेवावा, गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये ३००० पर्यंत रेस द्यावी आणि पाय एकदम काढावा. काटा क्षणभर थबकून मग एका दमात खाली आला आणि आयडलवर (पाय काढलेला असतानाच्या किमान रेसवर) स्थिरावला, तर बहुधा गाडी निरोगी आहे. काटा १५०० ते २००० च्या मध्ये कुठेतरी अडकून बसला, पायऱ्या घेत उतरला, किंवा दर वेळी वेगळा वागला, तर दोष आहे. निरोगी गाडी दहा वेळा सारखीच वागते; दोषी गाडी एकदा नीट, एकदा वाईट वागते. माझ्या अनुभवात हा सातत्याचा निकष सेकंद मोजण्यापेक्षा अधिक विश्वासाचा ठरला.

हीच चाचणी सकाळी थंड इंजिनवर केली तर आयडल चढलेले दिसेलच. एसी चालू असतानाही ते थोडे वर राहते. अनेक गाड्यांत चाके फिरत असेपर्यंत ईसीयू आयडल जरा चढे ठेवतो आणि गाडी थांबली की खाली आणतो. सिग्नलकडे न्यूट्रलमध्ये घरंगळताना काटा ११०० वर आणि थांबल्यावर ८०० वर, हे दृश्य पाहून घाबरण्याचे कारण नाही.

मग रस्त्यावर एक प्रयोग करावा. मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आधी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडावा, एक श्वासाचा अवकाश जाऊ द्यावा, मग क्लच दाबावा. एवढ्याने काटा चढायचा थांबला तर बराचसा दोष दोन पायांच्या मेळाचा होता. क्लच आधी दाबला जात असेल आणि अ‍ॅक्सिलरेटर नंतर सुटत असेल, तर मधल्या क्षणी भार गेलेले इंजिन वर उसळणारच. जाड तळाचे बूट घालून गाडी चालवणाऱ्यांच्या बाबतीत हे मी अनेकदा पाहिले आहे. पेडलखाली सरकलेली चटईही इथेच तपासून घ्यावी. ती पेडलला अडत असेल तर पुढचे काहीही वाचण्याआधी ती काढून टाकावी, कारण तिथे प्रश्न हिसक्याचा नसून जिवाचा आहे.

हवेची वाट

चाचणीत दोष ठरला, तर ज्या हवेचा हिशेब ईसीयूला हवा तसा लागत नाही ती इंजिनमध्ये कुठून शिरते, हे शोधायचे. पहिला संशय थ्रॉटल बॉडीवर जातो आणि तो बहुधा योग्यच असतो. झडपेच्या कडेला तेलकट काजळीचा थर बसतो, ती मिटताना चिकटते किंवा पूर्ण मिटत नाही. थ्रॉटल बॉडी क्लीनर आणि मऊ कापडाने हा थर निघतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर झडप बोटाने जोराने ढकलू नये. आतल्या मोटरचे दाते दुखावतात.

साफसफाईनंतर अनेकांची गाडी आणखी बिघडते, आणि मग मेकॅनिकला दोष दिला जातो. थर साचत गेला तसा ईसीयूनेही, कमी पडणारी हवा भरून काढण्यासाठी, झडप थोडी जास्त उघडी ठेवायला स्वतःला शिकवलेले असते. थर निघाला, पण ती शिकवण तशीच राहिली, की हवा जास्त जाते आणि आयडल १२००-१४०० वर चढून बसते. स्कॅनरने थ्रॉटलचे ‘लर्निंग’ पुन्हा करून घेतले की हा प्रश्न सुटतो; काही गाड्या थोड्या दिवसांच्या वापरात ते आपोआपही करतात. साफसफाईच्या बिलात हे काम धरले आहे का, हे आधीच विचारावे.

आता तक्रार पुन्हा पुन्हा का येते, या मुद्द्याकडे येतो. थ्रॉटल बॉडीवर काजळी तेलकट असते, तर तेल तिथे येते कुठून? पिस्टनच्या कडेने थोडा वायू खाली ऑइलच्या भागात नेहमीच झिरपतो. तो ऑइलची वाफ घेऊन पीसीव्ही व्हॉल्व्हमधून पुन्हा इनटेकमध्ये, झडपेच्या पलीकडे, ओढला जातो आणि इंजिनमध्ये जळतो. त्याच वेळी एअर फिल्टरकडून एका वेगळ्या नळीने स्वच्छ हवा ऑइलच्या भागात शिरत असते. पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला की आतला दाब या स्वच्छ हवेच्या नळीतून उलटा बाहेर पडतो, आणि ऑइलची वाफ झडपेच्या अलीकडे येऊन नेमकी तिच्यावरच बसते. माझ्या गाडीत हेच झाले होते. थ्रॉटल बॉडी तीनदा पुसली गेली, पण तिच्यावर तेल ओतणारा व्हॉल्व्ह कोणी काढून पाहिला नाही. अनेक गाड्यांत तो सहज निघतो. हलवल्यावर आत खुळखुळ आवाज आला तर निदान अडकलेला नाही असे समजावे, आवाज नसेल तर बदलावा. तो फारसा महाग भाग नाही. व्हॉल्व्ह बदलून चौथ्यांदा थ्रॉटल बॉडी साफ केली, त्याला आता दीड वर्ष झाले. झडप उघडून पाहिली तेव्हा तिच्यावर फक्त कोरडी, पातळ काजळी होती.

ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलेले असले तरी हीच तेलकट वाफ वाढते. सर्व्हिसिंगहून आलेल्या गाडीची डिपस्टिक, सपाट जागी आणि इंजिन थोडे निवल्यावर, स्वतः पाहण्याची सवय म्हणूनच उपयोगी पडते.

थ्रॉटल आणि पीसीव्ही ठीक असतील तर रबरी नळ्या पाहाव्यात: ब्रेक बूस्टरची जाड नळी, इनटेक मॅनिफोल्डची गॅस्केट, पेट्रोलच्या टाकीची वाफ खेचणाऱ्या पर्ज व्हॉल्व्हची नळी. उन्हाने आणि इंजिनच्या तापाने रबर तडकते, आणि पावसाळ्यात बॉनेटखाली आसरा घेणारे उंदीर उरलेले काम करतात. इंजिन आयडलवर असताना सूं असा बारीक आवाज ऐकू येतो. नळी चिमटीत दाबल्यावर आयडल लगेच उतरले तर गळती त्याच वाटेवर आहे. ज्वालाग्राही स्प्रे मारून गळती शोधण्याची पद्धत गॅरेजमध्ये रूढ आहे, पण तापलेल्या इंजिनवर ती मी कोणालाही सुचवणार नाही. धूर सोडून गळती शोधणारे यंत्र असलेल्या ठिकाणी गाडी न्यावी.

बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत या यादीत आणखी एक जागा येते. सिक्वेन्शियल किटचे नोझल बसवण्यासाठी मॅनिफोल्डला छिद्रे पाडलेली असतात आणि दाब मोजण्यासाठी एका निर्वात नळीला टी-जोड दिलेला असतो. या जोडांपैकी एक जरी सैल झाला तरी रेस अडकते, आणि गाडी पेट्रोलवर चालवली तरी अडकते. ‘सीएनजीवर असेच चालते’ हे उत्तर म्हणूनच स्वीकारू नये.

स्कॅनर लावल्यावर एक फसगत होते. ज्या गाड्यांत आत येणारी हवा एअरफ्लो सेन्सर मोजतो, तिथे गळतीतून आलेली हवा हिशेबाबाहेर राहते, मिश्रण पातळ होते आणि पी ०१७१ सारखा कोड येतो. पण अनेक छोट्या गाड्यांत एअरफ्लो सेन्सर नसतोच. मॅनिफोल्डमधला दाब मोजून ईसीयू हवेचा अंदाज बांधतो. गळतीची हवा तो दाब वाढवते, ईसीयू त्या हवेला पुरेल इतके पेट्रोल देतो, आणि मिश्रण बरोबर राहून आयडल तेवढे चढते. कोड येत नाही, दिवा लागत नाही, आणि ‘स्कॅनरवर काही नाही’ असे सांगून गाडी परत दिली जाते. अशा वेळी कोडऐवजी चालू आकडे बघायला सांगावे. पेडलचा आकडा शून्यावर आला, ईसीयूने झडपेला दिलेला आदेशही खाली आला, पण झडपेचा प्रत्यक्ष आकडा मागे राहिला, तर झडप चिकटते आहे. तिन्ही आकडे नीट खाली आले आणि तरी रेस वर राहिली, तर हवा दुसऱ्या वाटेने शिरते आहे. आदेशच सावकाश उतरत असेल, तर ते ईसीयूचे मुद्दाम वागणे आहे किंवा त्याला कोणीतरी चुकीची माहिती देतो आहे.

चुकीची माहिती देणाऱ्यांत एक दोषी आपल्याकडे विशेष आढळतो. उन्हाळ्यात गाडी तापू नये म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रोखून धरणारी झडप) काढून टाकण्याची जुनी पद्धत काही गॅरेजमध्ये अजून चालते. मग इंजिन पुरेसे गरमच होत नाही, ईसीयू त्याला थंड समजून पेट्रोल आणि आयडल दोन्ही चढे ठेवतो, आणि हिवाळ्याच्या सकाळी हमरस्त्यावर वीस किलोमीटर गेल्यावरही रेस अडकत राहते. स्कॅनरवर कूलंटचे तापमान ८० अंशांच्या वर स्थिर होत नसेल तर आधी तिकडे पाहावे. क्लच पेडलवरचा स्विच बिघडला तर काही गाड्यांत क्लच दाबल्याचे ईसीयूला कळतच नाही. त्याची तपासणी दोन मिनिटांची आहे. केबलवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत केबलचे तुटलेले तंतू आणि आयडल सांभाळणारी स्टेपर मोटर पाहावी.

क्लच खरोखर घसरत असेल तर

सपाट, मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा. काटा आणि वेग जोडीने वाढले तर क्लच शाबूत आहे. काटा एकटाच पुढे पळाला, विशेषतः घाट चढताना आणि गाडी भरलेली असताना, आणि जळका वास आला, तर प्लेट संपली आहे किंवा क्रँकच्या मागच्या सीलमधून तिच्यावर ऑइल आले आहे. दुसऱ्या शक्यतेत सील न बदलता फक्त प्लेट बदलली तर नवी प्लेटही त्याच वाटेने जाते. खंबाटकीसारख्या चढावर वाहतूक तुंबलेली असताना हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणे हे प्लेटचे आयुष्य खाणारे सर्वांत मोठे कारण आहे. तिथे हँडब्रेक वापरावा.

डिझेल गाडीसाठी एक वेगळा इशारा

डिझेल गाडीत अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरही रेस स्वतःहून चढत गेली आणि मागे दाट धूर निघू लागला, तर तो वर सांगितलेल्यांपैकी कोणताही प्रकार नाही. टर्बोच्या सीलमधून इंजिन ऑइल आत ओढले जाऊन इंजिन त्याच ऑइलवर धावत असण्याची शक्यता असते, आणि तेव्हा चावी बंद करूनही ते थांबत नाही. अशा वेळी क्लच दाबून धरू नये, कारण त्याने इंजिन अधिकच मोकाट सुटते. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकावी, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडावा आणि इंजिन बंद पाडावे. ते पडले नाही तर गाडी थांबवून सर्वांना दूर न्यावे. हवेच्या तोंडावर हात ठेवण्याचा प्रयत्न करू नये. पुन्हा स्टार्ट न करता गाडी टो करूनच न्यावी.

तपासणीत दोष निघाला नाही आणि रेंगाळणे मुळातलेच असल्याचे दिसले, तर उपाय पायात आहे. अ‍ॅक्सिलरेटर क्लचच्या किंचित आधी सोडावा, पहिल्या गिअरमध्ये २०००-२२०० च्या वर न रेटता दुसरा टाकावा, आणि काटा उतरण्याची वाट पाहून क्लच सोडावा. उतरायच्या आत अर्धवट क्लचवर रेस जबरदस्तीने खाली आणण्याची सवय लागली, तर पुढे क्लच खरोखरच घसरू लागतो. बाहेरून ईसीयूचे प्रोग्रॅमिंग बदलून हे वागणे काढता येते असे सांगणारे भेटतील. वॉरंटी आणि प्रदूषणाची पातळी दोन्ही त्यात पणाला लागतात, म्हणून मी तो मार्ग घेतला नाही.

आणि गाडी गॅरेजमध्ये द्यायचीच झाली, तर जॉब कार्डावर ‘रेस प्रॉब्लेम’ असे दोन शब्द लिहू देऊ नयेत. ‘इंजिन गरम, एसी बंद, क्लच पूर्ण दाबलेला, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नाही, तरी काटा २८०० वरून १८०० वर येऊन तीन सेकंद थांबतो, न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीतही तसेच होते, थ्रॉटल साफ केल्यावर चार महिन्यांनी पुन्हा सुरू झाले’ असे आपल्या गाडीचे आकडे घालून लिहून घ्यावे, आणि मेकॅनिकला शेजारी बसवून ते एकदा प्रत्यक्ष दाखवावे. माझ्या गाडीचा पीसीव्ही व्हॉल्व्ह हातात धरून हलवून पाहणारा मेकॅनिक भेटला तो असे लिहून दिल्यावरच. ‘साफ केल्यावर चार महिन्यांनी पुन्हा’ हे वाचून त्याने पहिला प्रश्न विचारला होता तो ऑइलचा.